पेंग्विन पुरे, आता तळाचं बोला

दर ऑक्टोबरात टास्मानियातल्या होबार्ट शहरात 27 सदस्यांचा एक आयोग जमतो आणि अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्राचं काय करायचं यावर दोन आठवडे खल करतो. बातमी बहुतेक वर्षी तीच असते: नवी संरक्षित क्षेत्रं यंदाही नाहीत, रशिया आणि चीन अडून बसले, पर्यावरणवादी नाराज. सोबत पेंग्विनचा फोटो. मग त्या फोटोखाली भांडण जुंपतं. एक बाजू म्हणते, क्रिल म्हणजे कोळंबीसारखे ते बारीक जीव असेच उपसत राहिलात तर पेंग्विन आणि देवमासे उपाशी मरतील. दुसरी म्हणते, क्रिल कोट्यवधी टन आहे, पकडीची मर्यादा त्याच्या एक टक्क्याच्या आसपास. नुकसान दाखवा, मग बोलू. दोघंही तावातावाने बोलतात, आणि दोघंही पाण्याच्या वरच्या थरात जे पोहतं तेवढंच मोजतात. हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. ध्रुवीय समुद्राचं अन्न साठतं तळाला, तिथल्या प्राण्यांच्या जातींपैकी बहुसंख्य राहतात तळाला, आणि माणसाने केलेली मोडतोड सर्वांत जास्त काळ टिकते तीही तळालाच. तेव्हा माझं म्हणणं आधीच मांडून ठेवतो: या समुद्रांतून किती काढायचं हे तळ किती वर्षांत भरून येतो यावरून ठरावं, आणि ते ज्याला सांगता येत नाही त्याने तिथे जाळं किंवा गळ टाकू नये. पुराव्याचं ओझं जाणाऱ्याच्या डोक्यावर असावं, अडवणाऱ्याच्या नव्हे.

तळच का, हे समजायला तिथलं वर्ष कसं जातं ते पाहावं लागतं. ध्रुवाजवळ वर्ष म्हणजे एक लांबलचक रात्र आणि एक लांबलचक दिवस. सूर्य परततो, बर्फ पातळ होतो, बर्फाच्या पोटाला चिकटलेली शैवालं आणि पाण्यातलं वनस्पती-प्लवक काही आठवड्यांत उधाणून येतं. उबदार समुद्रात असं पीक बरंचसं वरच्या वरच फस्त होतं. गार पाण्यात मात्र ते खाणारे बारीक जीव मागे पडतात आणि पिकाचा मोठा वाटा तसाच खाली जातो. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला सागरशास्त्रज्ञ क्रेग स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूखंडमंचावरचा, म्हणजे किनाऱ्यापासून समुद्राखाली पसरलेल्या सपाटीवरचा, गाळ उन्हाळ्यातही तपासला आणि हिवाळ्यातही. वर महिनोन् महिने अंधार असतानाही गाळात खाण्याजोगं अन्न शिल्लक होतं आणि गाळ खाणारे प्राणी ते वर्षभर खात होते. शून्याच्या आसपासच्या तापमानात जिवाणूही रेंगाळतात, त्यामुळे अन्न लगेच कुजून जात नाही. त्यांनी याला नाव दिलं ‘अन्नाची बँक’. मला त्याहून आपला जुना शब्द चपखल वाटतो: पेव, धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. उन्हाळ्यात भरायचं, हिवाळाभर पुरवायचं.

उत्तरेकडे हेच आणखी नाट्यमय रीतीने दिसलं. 2012 च्या उन्हाळ्यात आर्क्टिकचा बर्फ विक्रमी आटला, तेव्हा ‘पोलारस्टर्न’ या जर्मन संशोधन जहाजाने मध्य आर्क्टिकच्या तळावर, चार हजार मीटर खोलीपर्यंत, कॅमेरे सोडले. तिथे बर्फाखाली दोऱ्यांसारखं वाढणाऱ्या मेलोसिरा या शैवालाचे गठ्ठे पडलेले होते आणि समुद्रकाकड्या त्यांवर ताव मारत होत्या. वर काय बिघडलं त्याची खबर चार किलोमीटर खाली ताटातून पोचली होती. याच जहाजाला 2016 साली उत्तर ध्रुवाच्या वाटेवर, लँगसेथ या समुद्राखालच्या डोंगररांगेवरच्या विझलेल्या ज्वालामुखींच्या माथ्यांवर, जे सापडलं त्याला तर माझ्या मते तोड नाही. कायम बर्फाने झाकलेल्या, अन्नाने कंगाल अशा पाण्याखाली स्पंजांचं दाट वन होतं. सरासरी वय तीनशे वर्षं. हे एवढं शरीर पोसतंय कशावर? तर स्पंजांच्या खाली मेलेल्या नळीकिड्यांच्या नळ्यांचा थर होता. ज्वालामुखी जिवंत होता तेव्हा त्याच्या वायूंवर जगलेले ते किडे केव्हाच संपले होते. स्पंज आपल्या अंगातल्या सूक्ष्मजीवांच्या मदतीने त्यांचे अवशेष पचवत होते. म्हणजे जेवणारा तीनशे वर्षांचा आणि जेवण हजारो वर्षांचं शिळं. अशा पंगतीत दर वर्षीचा कोटा किती टनांचा ठेवायचा?

यावर कुणी म्हणेल, तळ तळाच्या जागी, वरच्यांचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि भरपूर आहे. क्रिल हा वरच्या पाण्यातला जीव, असं आपण शाळेपासून ऐकतो. पण तीन हजार मीटरांहून खोल तळाशी गाळात चरणारं प्रौढ क्रिल कॅमेऱ्याने टिपलं आहे. ज्याचा सगळा हिशेब वरच्या थरात मांडला जातो तो प्राणी स्वतःच जेवायला खाली जातो. उत्तरेकडे बेरिंग समुद्राच्या उथळ उत्तर भागात आणि पलीकडच्या चुक्ची समुद्रात वरचं पीक इतक्या भरभर खाली पडतं की तळावर शिंपल्यांचे आणि ॲम्फिपॉड नावाच्या बारीक कवचधाऱ्यांचे थर लागतात. वॉलरस मिशांनी चाचपडून तेच शिंपले शोधतो, एका फेरीत हजारोंनी खातो. करडा देवमासा कुशीवर वळून चिखलच तोंडात ओढतो आणि ॲम्फिपॉड गाळून घेतो. त्याच्या जेवणाचे खड्डे तळावर दिसतात. 2019 पासून हे देवमासे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रोडावून मरून पडू लागले. 2016 च्या सुमारास सत्तावीस हजारांच्या घरात असलेली त्यांची संख्या 2023 पर्यंत जवळपास निम्मी झाली. तपासाचा रोख त्यांच्या उत्तरेकडच्या चराऊ तळांवर गेला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता विरोधी बाजूचं. त्यातले काही मुद्दे दमदार आहेत आणि आमच्या बाजूचे लोक ते कानाआड करतात म्हणूनच वाद हरतात.

पहिला मुद्दा हिमनगांचा. तळाच्या नाजूकपणाचे गोडवे गाता, पण निसर्ग स्वतःच तिथे नांगर फिरवतो, त्याचं काय? खरं आहे. अंटार्क्टिक किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यात हिमनग तळाला घासत जातो तेव्हा त्याच्या वाटेतलं जवळजवळ सगळं चिरडलं जातं. ॲडलेड बेटावरच्या रोथेरा संशोधन केंद्रातले ब्रिटिश पाणबुडे वर्षानुवर्षं तळावर खुणेचे ठोकळे मांडून कोणते चिरडले हे मोजत आले आहेत, आणि काही जागांना हा फटका वारंवार बसतो. शिवाय तळ सावरतोही. 1995 साली अंटार्क्टिकातला लार्सन-ए हा हिममंच, म्हणजे किनाऱ्याला जोडून समुद्रावर तरंगणारं बर्फाचं जाड छप्पर, कोसळला. त्याखालच्या अंधाऱ्या तळावर 2007 ते 2011 या चारच वर्षांत काचस्पंजांची संख्या तिपटीच्या आणि वजन दुपटीच्या आसपास गेलं. शतकानुशतकं वाढणारे म्हणून ज्यांची ख्याती, ते असे भराभर फोफावलेले पाहून तज्ज्ञही चकित झाले. मग ‘एकदा मोडलं की संपलं’ हे रडगाणं कशाला?

मुद्दा खरा आहे; निघणारा निष्कर्ष मात्र खोटा आहे. हिमनग ठिपक्याठिपक्याने घासतो. एक पट्टा उजाड होतो, शेजारचा तसाच राहतो, आणि शेजारच्याची पिल्लं उजाड पट्ट्यात येऊन बसतात. त्याचा नांगर साधारण पाचशे मीटरांच्या पलीकडे क्वचितच पोचतो. टूथफिश या खोल पाण्यातल्या माशासाठी टाकल्या जाणाऱ्या गळांच्या दोऱ्या मात्र हजार-दोन हजार मीटरांवर जातात, म्हणजे नेमक्या तिथे, जिथल्या जिवांना आभाळातून काही कोसळण्याची सवयच नाही. लार्सनच्या खाली स्पंज वाढले कारण वरचं छप्पर उडून पहिल्यांदाच ऊन आणि अन्न आलं. रिकाम्या पेवात धान्य पडलं की उंदीर वाढतात. यावरून पेव फोडलं तरी चालतं असं ठरत नाही. आणि स्पंजाच्या घड्याळाबद्दल बोलायचं तर अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंड या खाडीची गोष्ट ऐकावी. सागरी जीवशास्त्रज्ञ पॉल डेटन यांनी तिथे 1960 च्या दशकात बर्फाला भोक पाडून डुबक्या मारायला सुरुवात केली. पुढची दोन दशकं काचस्पंजांची नवी पिढी जवळजवळ दिसलीच नाही. 2004 मध्ये पाहिलं तर खाली ठेवलेल्या कृत्रिम सांगाड्यांवर ते दणकून वाढलेले. पाच वर्षांच्या प्रकल्पाने यातलं काय पकडलं असतं? कुठली पाच वर्षं वाट्याला आली त्यावर एक म्हणाला असता ‘वाढतच नाहीत’, दुसरा म्हणाला असता ‘गवतासारखे वाढतात’. या तळाला वार्षिक हिशेब लागू पडत नाही, एवढंच त्यातून निघतं. आणि मासेमारीचा परवाना वार्षिकच असतो.

दुसरा मुद्दा होबार्टच्या आयोगाचा. जगातल्या बहुतेक मत्स्यसंस्थांपेक्षा हा आयोग सावध आहे, हे मी बिनशर्त मान्य करतो. 1980 च्या करारातच फक्त माशांचा नव्हे तर त्यांच्यावर जगणाऱ्यांचाही विचार करायचं लिहिलं आहे. आपल्या हद्दीतल्या खुल्या समुद्रात त्याने तळ खरवडणारं ट्रॉलिंग बंद केलं. 2016 मध्ये रॉस समुद्रात साडेपंधरा लाख चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र याच आयोगाने एकमताने मंजूर केलं. आणि तळासाठी त्याचा एक खास नियमही आहे. तो जवळून पाहण्यासारखा आहे.

गळांची दोरी वर ओढली जात असते. तिचे तुकडे पाडून हिशेब ठेवतात: हजार गळांचा किंवा बाराशे मीटरांचा, जो आखूड भरेल तो. गळाला अडकून आलेले स्पंज, प्रवाळ वगैरे दहा लिटरच्या बादलीत टाकायचे. बादलीत मावणारे जीव एक लिटर भरले की एक एकक. न मावणारे असतील तर एक किलो म्हणजे एक एकक. एका तुकड्यात दहा एककं झाली की त्या जागेभोवती एक सागरी मैल त्रिज्येचं वर्तुळ मासेमारीला बंद. प्रामाणिक माणसांनी केलेला नियम आहे, यात शंका नाही. पण विचार करा. काचस्पंज काचेच्या तंतूंचा विणलेला असतो. दीड हजार मीटर वर येईपर्यंत त्यातलं किती गळाला टिकणार? बादलीत पडतं ते जे चिवट आहे आणि जे आडवं सापडलं ते. तुटून तिथेच राहिलं त्याचं एकक शून्य. शिवाय वर्तुळ आखलं जातं ते मोडल्यानंतर. भांडं फुटल्याचा आवाज आला की खोलीला कुलूप लावायचं, असा हा प्रकार.

चुकीच्या मापाने मोजत राहिलं की काय होतं याचा धडा याच समुद्राने एकदा दिला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर देवमाशांच्या शिकारीचा कोटा ‘निळा देवमासा एकक’ या मापात ठरत असे. एक निळा म्हणजे दोन फिन, किंवा अडीच हंपबॅक, किंवा सहा सेई, या सगळ्या देवमाशांच्याच जाती. हिशेब तेलाचा होता, जातींचा नव्हताच. त्यामुळे निळा देवमासा दुर्मीळ होत गेला तरी कोटा कागदावर शाबूत राहिला. जहाजं फिनकडे वळली, मग सेईकडे. आकडेमोड दर वर्षी बरोबर होती, आणि विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात वीस लाखांवर देवमासे मारले गेले. हे माप रद्द व्हायला 1972 उजाडलं. माशांचंही तेच. दक्षिण महासागरातल्या साउथ जॉर्जिया बेटाभोवती 1969-70 च्या एका हंगामात संगमरवरी रॉककॉड नावाचा मासा सुमारे चार लाख टन उपसला गेला, तोही तळावरून. साठा कोसळला, आणि पुढची कित्येक दशकं तो पूर्वपदाला आला नाही. त्या हंगामातही कुणी विचारलं असेलच की, नुकसान कुठे दिसतंय?

‘पुरावा दाखवा’ हा युक्तिवाद ऐकला की मला दोनशे वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवते. 1818 मध्ये जॉन रॉस हा ब्रिटिश दर्यावर्दी आर्क्टिकमधल्या बॅफिनच्या उपसागरात खोली मोजत होता. आठशे वावांहून (वाव म्हणजे सहा फूट) खोल सोडलेल्या दोराला गुंतून एक प्राणी वर आला: फांद्यांना फांद्या फुटलेला, वेटोळी घातलेला तारामाशाचा भाऊबंद. पुरावा हातात होता, जहाजावर होता. तरी पुढे पंचवीस वर्षांनी एडवर्ड फोर्ब्स या नामवंत निसर्गशास्त्रज्ञाने एजियन समुद्रात जाळं ओढून मांडलं की जसजसं खोल जावं तसतसे प्राणी विरळ होतात, म्हणजे तीनशे वावांखाली काहीच नसणार. फोर्ब्स हुशार होता, पद्धतशीरही होता. त्याने एका समुद्राचा आलेख सगळ्या समुद्रांवर ओढून लांबवला, इतकंच. आणि सोयीचा सिद्धांत असल्यामुळे तो बराच काळ टिकला. आज ‘तिथे नुकसान झाल्याचा पुरावा नाही’ असं म्हणणारा नेमकं तेच करतो. जिथे कुणी पाहिलंच नाही, तिथे काही दिसलं नाही याला पुरावा म्हणायचं?

आता थोडं आमच्या बाजूचं झाडू. 2021 साली एका गाजलेल्या अभ्यासाने तळ-ट्रॉलिंगमुळे सुटणारा कार्बन विमानवाहतुकीच्या उत्सर्जनाच्या तोलाचा ठरवला. चळवळीने तो आकडा झेंड्यासारखा मिरवला. नंतर इतर शास्त्रज्ञांनी तो फार फुगलेला असल्याचं दाखवलं, आणि विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. तळाचं महत्त्व पटवायला विमानाशी तुलना कशाला हवी होती? उलट बाजूला दुसरी भोळी आशा फिरते: बर्फ वितळला की नवा तळ मोकळा होतो, त्यावर जीव वाढतात, कार्बन गाडला जातो, म्हणजे तापमानवाढीचा हा गोड भाग. वाढ होते, हे लार्सनवरून मीच वर सांगितलं. पण गोड भाग किती वेळ गोड राहतो हे बेरिंग समुद्रातल्या बर्फखेकड्याने दाखवलं. 2018 मध्ये हा खेकडा तिथे उदंड होता. त्यानंतर तीन वर्षांत दहा अब्जांहून जास्त खेकडे नाहीसे झाले. 2022 मध्ये अलास्काने या खेकड्याची पकड इतिहासात पहिल्यांदा बंद केली. 2023 च्या अभ्यासाने कारण शोधलं ते साधं होतं. तळावरचं बर्फगार पाणी तापलं, खेकड्याच्या शरीराची भूक वाढली, तेवढं अन्न तळावर नव्हतं, आणि गर्दीही फार होती. उपासमार. पकडीचे आकडे नियमात होते, मोजणी चोख होती. पेवातली शिल्लक आणि खाणाऱ्यांची भूक मात्र कुठल्याही कोट्याच्या रकान्यात नव्हती.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, कारण तो न्यायाचा आहे. ज्या देशांनी शतकभर देवमासे मारले तेच आज नकाशावर रेघा ओढून इतरांना बाहेर ठेवतात, असा सूर चीन-रशियाच्या विरोधामागे ऐकू येतो. तळं राखील तो पाणी चाखील, ही शंका इथे अगदीच अनाठायी नाही. आयोगातले कितीतरी सदस्य स्वतः तिथे मासे पकडतात. करारात ‘विवेकी वापर’ हे शब्द आहेतच, तेही उगाच घातलेले नाहीत. पण मग 2018 साल आठवावं लागतं. त्या वर्षी ग्रीनलंडमधल्या इलुलिसाट इथे नऊ देश आणि युरोपीय संघाने मध्य आर्क्टिक महासागरातली व्यापारी मासेमारी ती सुरू होण्याआधीच थांबवली. क्षेत्र अठ्ठावीस लाख चौरस किलोमीटर, मुदत निदान सोळा वर्षं, आणि या काळात आधी अभ्यास. नुकसानीचा पुरावा कुणी मागितला नाही, कारण मासेमारीच झाली नव्हती. सह्या करणाऱ्यांत रशियाही होता आणि चीनही. जे तत्त्व उत्तर ध्रुवाजवळ मान्य, ते दक्षिणेला पाश्चात्त्यांचं कारस्थान कसं होतं? फरक एवढाच की उत्तरेत अजून कुणाची जहाजं नव्हती, दक्षिणेत आहेत. 2025 च्या हंगामात क्रिलची पकड सहा लाख वीस हजार टनांच्या मर्यादेला पहिल्यांदाच भिडली आणि हंगाम मुदतीआधी बंद करावा लागला. ही पकड वेगवेगळ्या भागांत वाटून देणारा नियम त्याच्या आदल्या वर्षी संपला होता आणि नवा ठरला नव्हता.

माझी मागणी त्यामुळे फार मोठी नाही. बादली राहू द्या, पण दोरी टाकण्याआधी त्या जागेवरून कॅमेरा जाऊ द्या, आणि त्याचा खर्च जो दोरी टाकणार आहे त्याने करावा. चित्र नाही तर परवाना नाही. महाग पडेल? पडेलच. फेब्रुवारी 2021 मध्ये ‘पोलारस्टर्न’ने वेडेल समुद्रात, फिल्शनर हिममंचाच्या पुढ्यात, असाच एक कॅमेरा तळावरून ओढत नेला. पडद्यावर एक खळगा दिसला, पाऊण मीटर रुंद, बारीक खड्यांचा, मधोमध अंडी आणि त्यांच्यावर पहारा देणारा एक हिममासा, ज्याच्या रक्तात हिमोग्लोबिनच नसतं. मग दुसरा खळगा. मग चार तास खळगेच खळगे. अंदाज निघाला दोनशे चाळीस चौरस किलोमीटरांत सहा कोटी घरट्यांचा, आणि सीलच्या डुबक्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या तर त्याही त्याच भागात दाट होत्या. पृथ्वीवरची माशांची सर्वांत मोठी ज्ञात वसाहत 2021 पर्यंत कुणाच्याही नकाशावर नव्हती. वेडेल समुद्राला संरक्षण देण्याचा प्रस्ताव त्याच्याही आधीपासून होबार्टच्या टेबलावर पडून आहे.